सूरच्या खाडीतली जकात

मस्कतमध्ये मी एकोणीस वर्षे मालाच्या कस्टम क्लिअरिंगचे काम केले. भारतात परतल्यावर ओमानच्या पूर्व टोकाला असलेल्या सूर या बंदराविषयी आणि तिथल्या बनी बू अली कबिल्याविषयी मी बोलू लागलो, की समोरचा माणूस हमखास एकच प्रश्न विचारतो. तो म्हणतो, "सुलतानाची जकात द्यायला नकार देणारे हे लोक शेवटी तस्करच होते ना?" परवा तुम्हीही तोच विचारलात, आणि चहा संपेपर्यंत मला नीट उत्तर देता आले नाही, म्हणून ते आता सविस्तर लिहीत आहे.

सूरची खाडी भरतीच्या पाण्याने भरते आणि ओहोटीला बरीचशी उघडी पडते. तिच्या एका काठावर सूर गाव आहे आणि मुखापाशी, पलीकडच्या काठावर अयजा आहे. सूरमध्ये मुख्यतः जनबा कबिल्याच्या शाखा राहत, तर अयजा हे बनी बू अलींचे समुद्रावरचे दार होते. या कबिल्याचे मूळ ठाणे दक्षिणेला वाळवंटाच्या कडेला जालान प्रांतात आहे; बावन्न घुमटांची त्यांची मशीद आजही तिथे उभी आहे. सूरची गलबते मोसमी वाऱ्यांवर एकीकडे झांजिबारपर्यंत आणि दुसरीकडे बसरा, मुंबई व मलबारपर्यंत जात. ती ज्या सागवानाची बांधली जात, ते सागवानही मलबारातूनच येई. अशा गावात माल उतरवण्यावर कर कोण घेतो या प्रश्नाचा अर्थ, गाव कोणाच्या मालकीचे, एवढा सरळ होता.

आपण ज्याला जकात म्हणतो तो शब्द अरबीतून आपल्याकडे आला आणि येताना त्याचा अर्थ बदलला. आपल्याला जकात म्हटले की नाका, पावती आणि ट्रकांची रांग आठवते. अरबस्तानात मात्र जकात हे धार्मिक कर्तव्य आहे. व्यापारी मालावर ते चाळिसाव्या हिश्श्याचे असते आणि गरजूंसाठी दिले जाते. बंदरावरच्या वसुलीचा शब्द तिथे वेगळा आहे. अंतर्गत ओमानच्या इबादी (ओमानमध्ये रुजलेल्या इस्लामी पंथाच्या) धर्मशास्त्रींच्या दृष्टीने मुसलमानाच्या व्यापारावर जकातीपलीकडे कर बसवणारा सत्ताधीश अन्यायीच ठरत असे. बनी बू अली इबादी नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच त्यांनी वहाबी मत, म्हणजे मध्य अरबस्तानातून आलेला इस्लामचा कर्मठ पंथ, स्वीकारले होते. तरीही कर कोणाला देणे योग्य आणि कोणाला अयोग्य हा प्रश्न त्यांच्याही रोजच्या व्यवहारातला होता. कर देणे त्यांना ठाऊक नव्हते, हा समज म्हणूनच मला मुळापासून चुकीचा वाटतो.

आता सुलतानाची बाजू पाहू. ब्रिटिशांनी दिलेल्या 1861 च्या निवाड्याने पूर्व आफ्रिकेतले झांजिबार मस्कतपासून वेगळे झाले आणि श्रीमंत अर्धे राज्य गेले. त्या बदल्यात झांजिबारने दरवर्षी 40,000 रियाल द्यायचे ठरले. उरलेल्या मस्कतला बंदरांवरच्या जकातीखेरीज उत्पन्नाचे मोठे साधन जवळपास नव्हते, आणि तिचा दरही सुलतानाच्या हातात राहिला नव्हता, कारण 1833 साली अमेरिकेशी आणि 1839 साली ब्रिटनशी झालेल्या करारांनी आयातीवर पाच टक्क्यांची मर्यादा घातली होती. वसुली बराच काळ कच्छी भाटिया व्यापाऱ्यांकडे मक्त्याने असे. मक्तेदार आगाऊ रक्कम देई, सुलतान त्यावर कर्ज काढी, आणि पुढच्या वर्षीची जकात आदल्या वर्षीच खर्च होऊन जाई. 1912 साली ब्रिटिशांच्या आग्रहावरून मस्कतमध्ये बंदुकांचे सरकारी गोदाम उघडले गेले आणि शस्त्रांचा खुला व्यापार थांबला. सुलतानाला त्याची भरपाई म्हणून वर्षाला एक लाख रुपये मिळू लागले. अंतर्भागातल्या कबिल्यांना काहीच मिळाले नाही. बंदूक तेवढी महाग झाली. पुढच्याच वर्षी त्यांनी स्वतःचा इमाम, म्हणजे धर्म आणि राज्य दोन्ही पाहणारा नेता, निवडला, आणि जानेवारी 1915 मध्ये सुमारे 3000 लोक मस्कतच्या वेशीवर बैत अल-फलजपर्यंत चालून आले. त्यांना अडवणारे सैनिक हिंदी पलटणींचे होते. त्यांतली एक, 102 वी ग्रेनेडिअर्स, जुन्या मुंबई लष्करातली होती.

25 सप्टेंबर 1920 रोजी सुलतान आणि हे कबिले यांच्यात सीब येथे तह झाला. त्याच्या कलमांवरून इतिहासकारांनी पुष्कळ वाद घातले आहेत. कस्टममध्ये आयुष्य घालवलेल्या माझ्यासारख्याचे लक्ष मात्र सुलतानाने दिलेल्या पहिल्या वचनावर खिळते. ओमानमधून, म्हणजे अंतर्भागातून, मस्कत, मत्रह, सूर आणि किनाऱ्यावरच्या इतर गावांत येणाऱ्या कोणाही माणसाकडून, तो कोणत्याही वंशाचा असो, पाच टक्क्यांहून जास्त घेतले जाणार नाही, असे ते वचन आहे. सात वर्षांच्या लढाईनंतर दोन्ही बाजूंनी सर्वांत आधी जे कागदावर मांडले ते जकातीचा दर हे होते. त्याच वर्षी हिंदुस्थान सरकारने सुलतानाला कर्ज देऊन जुनी देणी फेडायला लावली. जकात आता हिंदी व्यापाऱ्यांच्या देण्याऐवजी ब्रिटिश कर्जाकडे आणि 1921 साली उभारलेल्या बलुची शिपायांच्या तुकडीकडे जाऊ लागली. सूरच्या काठावरून पाहणाऱ्याला त्या पैशातून आपल्या गावात काही आलेले दिसत नव्हते.

बनी बू अलींना मस्कतविषयी जो राग होता, त्याची मुळे मात्र याहून शंभर वर्षे जुनी आहेत, आणि तिथे आपली मुंबई थेट येते. 1820 साली चाचेगिरीच्या तक्रारीवरून कॅप्टन टॉमस पेरोनेट थॉमसन मुंबई लष्कराच्या शिपायांना घेऊन सुलतान सईदच्या मदतीला जालानमध्ये गेला. नोव्हेंबरमध्ये कबिल्याने तलवारी उपसून त्या फौजेचा जवळपास निःपात केला. थॉमसनवर पुढे लष्करी न्यायालयात खटला चालला. कंपनी सरकारला मात्र तो पराभव सोसवला नाही. जानेवारी 1821 मध्ये मेजर जनरल लायोनेल स्मिथच्या हाताखाली मोठी फौज सूरला उतरली आणि 2 मार्चला तिने कबिल्याचा मोड केला. गड पाडला गेला, कैदी मुंबईला आणले गेले आणि सुमारे दोन वर्षांनी परत पाठवले गेले. त्या वेळी मुंबईचा गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन होता, ज्याचे नाव आपण शाळा-कॉलेजांमुळे आदराने घेतो. 'बेनी बू अली' हा रणसन्मान मुंबईच्या पलटणींनी पुढे पिढ्यान्‌पिढ्या मिरवला. त्या दोन मोहिमांत मेलेले आणि मारणारे शिपाई मुंबई इलाख्यातले होते, हे मला ओमानला जाण्यापूर्वी कोणत्याही पाठ्यपुस्तकात वाचायला मिळाले नव्हते, आणि त्याचे मला आजही वाईट वाटते.

म्हणून 1920 च्या दशकाच्या अखेरीस अयजाला जे घडले, त्याकडे मी याच पार्श्वभूमीवर पाहतो. मस्कतचा अंमल सूरच्या खाडीवर बसवण्याचे प्रयत्न सुरू असताना बनी बू अलींच्या अमिराने अयजावर सुलतानाचा अधिकार मान्य करायला नकार दिला, आपले निशाण लावले आणि जकात आपण स्वतःच घेऊ लागला. तस्कर असे करत नाही. तस्कराला रात्र हवी असते, निर्जन किनारा हवा असतो आणि कोणी मोजू नये अशी त्याची इच्छा असते. इथे निशाण भर दिवसा फडकत होते आणि वसुली उघड चालली होती. मस्कतला खुपले तेही हेच होते, कारण चोरीने बुडालेल्या पाच टक्क्यांची तूट दुसऱ्या वर्षी भरून निघते, पण खाडीच्या तोंडाशी दुसरे जकात नाके उभे राहिले तर राज्याची हद्दच तिथे संपते. ब्रिटिश अधिकाऱ्यांनाही हे पुरते कळत होते, म्हणूनच एका खाडीच्या उत्पन्नासाठी त्यांनी युद्धनौकांचा धाक वापरला.

या लोकांना मी निष्पाप ठरवत नाही. सूरच्या नाखवांनी पूर्व आफ्रिकेतून गुलाम वाहून आणले आणि त्या व्यापाराची झडती टाळण्यासाठी कित्येकांनी गलबतांवर फ्रेंच निशाण लावले. त्यावरून ब्रिटन आणि फ्रान्समध्ये झालेला वाद हेगच्या लवादापुढे गेला आणि 1905 साली त्याचा निकाल लागला. 1865 साली सूर लुटले गेले तेव्हा तिथल्या हिंदी व्यापाऱ्यांचे अतोनात नुकसान झाले होते. ज्यांच्या पेढ्या फुटल्या त्यांना कबिल्याच्या स्वाभिमानाचे कौतुक वाटण्याचे कारण नव्हते, आणि ज्या आफ्रिकी माणसांना त्या खाडीत उतरवले गेले, त्यांना तर मुळीच नव्हते. झडतीला विरोध करणारे हात आणि जकातीला विरोध करणारे हात पुष्कळदा एकच होते. तुमच्या प्रश्नात एवढे तथ्य आहे, आणि ते मी मान्य करतो.

मस्कत सोडण्यापूर्वी मी शेवटचा सूरला गेलो, तेव्हा खाडीवरच्या झुलत्या पुलावरून चालत अयजाला उतरलो आणि दीपगृहाजवळ भरतीची वाट पाहत बसलो. पाणी चढले तशी मासेमारीची एक होडी बाहेरून आत आली. मुख इतके अरुंद आहे की होडीतल्या टोपल्या मला बसल्या जागेवरून एक-एक करून मोजता आल्या, आणि सुकाणूवरच्या माणसाने मान वर करून माझ्याकडे पाहिले.