पाचर उलटी बसली आणि दुखणं सापडलं

मागच्या कमानपाट्यांना लांब शॅकल (पाट्याचं मागचं टोक गाडीच्या सांगाड्याला जोडणारी कडी) लावून मी माझी चारही चाकांना ताकद देता येणारी गाडी मागून इंचभर उचलली. दिसायला झकास. दुसऱ्याच दिवशी थरथर सुरू झाली. ताशी पंधरा ते तीस किलोमीटरच्या दरम्यान, आणि तीही ॲक्सिलरेटर दाबलेला असतानाच. पाय उचलला की गाडी एकदम शहाणी.

पहिला मूर्खपणा माझाच: चाकं बॅलन्स करून आणली. जरा डोकं चालवलं असतं तर तो फेरा वाचला असता. चाकाचा असमतोल वेगाबरोबर वाढतो, तिशीनंतर विरून जात नाही आणि ॲक्सिलरेटरवर पाय आहे की नाही याची त्याला फिकीरही नसते. मग एका मेकॅनिकने क्लचप्लेट बदलायचा सल्ला दिला. गाडीखाली वाकूनही न बघता.

मी क्लच उघडला नाही. वीसचा वेग धरून आधी दुसऱ्या गिअरमध्ये चालवली, मग तिसऱ्यात. शेजारी बायको पाण्याची बाटली मांडीवर धरून बसलेली, पाण्यावरचे तरंग बघत. "जोर कमी झाला गं बाई, पण ताल तोच आहे," ती म्हणाली. हे वाक्य लाखमोलाचं. गिअर बदलला की इंजिनाचे फेरे बदलतात. ताल बदलला नाही म्हणजे दोष इंजिन-क्लचकडे नाही, गिअरबॉक्सनंतर, चाकांच्या बाजूला कुठेतरी.

ताल मोजायला मोबाईल सीटच्या पट्टीवर टेपने चिकटवला आणि कंपन मोजणारं ॲप लावलं. आकडा आला सेकंदाला वीसच्या आसपास. आता हिशोब. माझ्या टायरचा घेर 2.3 मीटर, म्हणजे ताशी वीसला चाक सेकंदाला सुमारे 2.4 वेळा फिरतं. डिफरेन्शियलचं (मागच्या चाकांमधल्या गिअरपेटीचं) गुणोत्तर 4.1, म्हणून त्याला फिरवणारा लांब शाफ्ट जवळजवळ दहा वेळा. वीस म्हणजे बरोबर दुप्पट. शाफ्टच्या एका फेऱ्यात दोन हिसके.

हे दोन हिसके क्रॉसची, म्हणजे शाफ्टच्या टोकाच्या वाकणाऱ्या सांध्याची, सही आहे. क्रॉस कोनात वाकून फिरला की त्याच्या पलीकडच्या भागाचा वेग एका फेऱ्यात दोनदा वाढतो, दोनदा कमी होतो. दुसऱ्या टोकाचा क्रॉस तेवढ्याच कोनात असेल तर तो हा फरक उलटा फेडतो. कोन वेगळे झाले की फेड अपुरी राहते.

खात्रीसाठी मागचा शाफ्ट काढला. आधी चाकांना अडसर लावले, कारण शाफ्ट काढल्यावर गाडी गिअरमध्ये टाकूनही मागची चाकं धरली जात नाहीत. दोन्ही टोकांच्या फ्लँजवर (जोडाच्या चकत्यांवर) खुणा केल्या, शाफ्ट परत तसाच बसावा म्हणून. क्रॉस हाताने फिरवून पाहिले: ना खडखड, ना अडकणं. फोर-हायमध्ये, म्हणजे पुढच्या चाकांनाही ताकद जोडून, गाडी नुसत्या पुढच्या चाकांवर भुसभुशीत मातीत चालवली. थरथर गायब.

मग कोन. गाडी चाकांवर उभी ठेवूनच, जॅकवर नाही. ट्रान्सफर केसचा (गिअरबॉक्समागची, पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) फ्लँज मागे खाली झुकलेला 3 अंश, शाफ्टचा उतार 11, पिनियन (शाफ्ट जोडला जातो तो डिफरेन्शियलचा दांडा) पुढे वर तोंड करून 5.5. म्हणजे वरच्या क्रॉसवर 8 अंश आणि खालच्यावर 5.5. लांब शॅकलने पाट्याचं मागचं टोक खाली ढकललं, त्याबरोबर हौसिंग (मागच्या ॲक्सलचं आवरण) फिरलं आणि पिनियनचं नाक वर गेलं. ॲक्सिलरेटर दाबला की पाटे पिळवटतात, नाक आणखी वर जातं. पाय उचलला की उतरतं. एवढ्या दिवसांचं कोडं या दोन वाक्यांत!

उपाय सोपा: पाटा आणि हौसिंगच्या मध्ये 4 अंशांची पाचर, नाक खाली करायला. पाटा आणि हौसिंग एकत्र आवळणारे यू-बोल्ट सैल केले, जाड बाजू पुढे ठेवली, आवळले. बाहेर काढून दहा मीटर गेलो नाही तोच गाडी अशी हादरली की आरसा फिरला. माझ्या गाडीत हौसिंग पाट्याच्या वर आहे. मी जी आकृती मनात धरून बसलो होतो तीत ते खाली होतं! जाड बाजू मागे हवी होती. नाक दीड अंशावर यायचं ते साडेनऊवर गेलेलं.

खरं सांगतो, मला हसू आलं. कोन चुकीच्या दिशेने हलवल्यावर दुखणं वाढलं, यापेक्षा पक्का पुरावा कुठे मिळणार होता?

पाचर फिरवली, यू-बोल्ट नव्याने ठरलेल्या टॉर्कला (पिळाच्या जोराला) आवळले, शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा तपासले. आता वीसला पाणी स्थिर. उतारावर पाय उचलला की पन्नासच्या आसपास बारीक गुणगुण ऐकू येते, कारण नाक आता जरा जास्तच खाली आहे. बायको म्हणते तिला काहीच ऐकू येत नाही. अडीच अंशांची पाचर मिळाली की तीही घालून बघणार आहे, या वेळी जाड बाजूवर आधी खडूने बाण काढून.