तुम्ही विचारलंत म्हणून: लढणारी राणी का नाही?

माझ्या कादंबऱ्यांमधलं काल्पनिक जग, तिथली दैवतं आणि दंतकथा वाचून अनेक जण विचारतात, "बाईच्या नजरेतून लिहिता ना, मग तलवार घेऊन लढणारी एखादी राणी का नाही?"

राणीला माझी ना नाही. पण इतिहास तोच, पुराणं तीच आणि घोड्यावर फक्त राजाऐवजी राणी, एवढ्यानं नजर बदलत नाही. त्या जगात कोणत्या गोष्टीला 'घटना' म्हणायचं, हे मला आधी ठरवावं लागतं.

दर्यावर्दी राजा दूरची बेटं जिंकतो, असं अशा कथांत हमखास येतं. त्याच्या जहाजाला शीड लागतं. चरखा येण्याआधी शिडाचं सगळं सूत टकळीवर निघायचं, आणि कापड विणण्यापेक्षा सूत कातायलाच कितीतरी जास्त वेळ जायचा. एक माग चालता ठेवायला अनेक हात कातत असायचे, बहुतेक बायकांचे. हे ध्यानात आलं की आरमाराचा आकार राजाच्या हिमतीवर ठरत नाही, सुतावर ठरतो. मग ज्या लोकरीतून हे सूत निघतं, ती कुणाच्या मालकीची? कातणाऱ्या जणी एकत्र बसल्या की काय बोलतात? ऐन मोहिमेआधी त्यांनी टकळ्या खाली ठेवल्या तर? माझ्या जगातला सगळ्यात मोठा राजकीय पेच या शेवटच्या प्रश्नातून निघाला.

पुराण रचताना मी एका सुमेरियन, म्हणजे प्राचीन इराकमधल्या, कथेकडे पुन्हा पुन्हा जाते. इनाना देवी पाताळात उतरते. सात दारांवर एकेक करून तिचे अलंकार आणि वस्त्रं काढून घेतली जातात, आणि शेवटी तिचं प्रेत खुंटीला टांगलं जातं. तिला सोडवायला एन्की देव नखांतल्या मळातून दोन जीव घडवतो. पाताळाची राणी एरेश्किगाल बाळंतिणीसारखी विव्हळत पडलेली असते. हे दोघे तिच्याशी लढत नाहीत. ती कण्हली की तिच्याबरोबर कण्हतात. तिचं दुखणं कुणीतरी ऐकलेलं असतं. ती वर देऊ करते आणि ते इनानाचं प्रेत मागून घेतात. साडेतीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या मातीच्या पाट्यांवर हे लिहिलेलं आहे! सुटकेचा असा मार्ग मला इतर पुराणांत क्वचितच दिसतो.

आधीच रचलेलं जग नव्यानं बघता येतं का, असंही काही जण विचारतात. येतं. अमेरिकन लेखिका उर्सुला ले ग्विन यांनी १९६८ साली आपल्या कादंबरीत 'अर्थसी' हे काल्पनिक जग उभं केलं, तेव्हा तिथल्या जादूच्या विद्यालयात फक्त मुलगे शिकत, आणि बायकांची जादू दुबळी नि दुष्ट, अशा म्हणी लोकांच्या तोंडी होत्या. १९९० च्या पुस्तकात त्यांनी तेच जग एका मध्यमवयीन विधवेच्या आणि तिनं सांभाळलेल्या, भाजलेल्या मुलीच्या बाजूनं दाखवलं. २००१ च्या कथासंग्रहात तर ते विद्यालय स्थापन करणाऱ्यांत बायकाही होत्या, असं उघड झालं. नंतर त्यांना बाहेर काढलं आणि तसाच इतिहास सांगितला गेला. जुनी पुस्तकं खोटी पडली नाहीत, फक्त ती कुणी सांगितली होती ते कळलं.

ही रीत मी उचलली आहे. माझ्याकडे प्रत्येक दंतकथेला किमान दोन सांगणारे असतात. महापुराची कथा दरबारी भाट देवाच्या कोपापासून सुरू करतो. सुईण ती त्या रात्री होडीत बाळंत झालेल्या बायकांच्या नावांपासून सुरू करते. दोघांच्या पुराचा महिनासुद्धा जुळत नाही आणि मी तो जुळवणारही नाही.