साठ की आठ?

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. मंडईत गवार घेतली अर्धा किलो. बाई म्हणाली, "आठ रुपये." मी दहाची नोट दिली आणि दोन रुपयांची वाट बघत उभी राहिले. बाई माझ्याकडे बघते, मी बाईकडे. शेवटी ती म्हणाली, "अक्का, साठ म्हनलं मी. आठ रुपयाला आता काडी कोथमीर तरी येती का?" मी मोठ्यानं हसले, "गंमत केली गं तुझी," म्हणाले आणि पन्नास काढून दिले.

गंमत केली नव्हती. मला खरंच 'आठ' ऐकू आलं होतं. सोलापुरात गवार आठ रुपयांना मिळत नाही हे मला कळत नव्हतं असं नाही, पण कानानं एकदा सांगितलं की हात आपोआप पर्समध्ये जातो. तसं हसून निभावून नेण्यात पुढची चार वर्षं गेली. आता मी 68 वर्षांची आहे. साखर आहे, थायरॉइड आहे, डावा गुडघा जिना चढताना कुरकुरतो. त्याचं मला फार काही वाटत नाही, आमच्या भिशीतल्या सगळ्यांनाच त्यातलं काही ना काही आहे. कानाचं मात्र मी कुणाला सांगितलं नाही. कारण कान हीच माझी नोकरी होती.

1978 साली मी टेलिफोन ऑपरेटर म्हणून लागले. एकवीस वर्षांची होते. समोर छताकडे जाणारा बोर्ड, त्यावर भोकांच्या रांगा, हातात दोऱ्यांचे प्लग, डोक्यावर एका कानाचा हेडसेट. हल्लीच्या पोरांना ट्रंक कॉल म्हणजे काय ते सांगावं लागतं. परगावी बोलायचं तर आधी नंबर बुक करायचा आणि घरी बसून राहायचं. ऑर्डिनरी असेल तर दुपार जायची, संध्याकाळ जायची. अर्जंटला जास्त पैसे, लाइटनिंगला त्याहून कितीतरी जास्त. पीपी कॉल म्हणजे ठराविक माणूसच फोनवर आला पाहिजे. बहुधा तो शेजारच्या वाड्यातून पळत यायचा आणि पहिलं मिनिट नुसतं धापा टाकण्यात घालवायचा. तीन मिनिटं झाली की आम्ही मध्ये तोंड घालायचो, "थ्री मिनिट्स ओव्हर." काय काय ऐकलं असेल त्यावर लोक! एकानं मला "तुझ्या घरात कुणी मरत नाही का?" असंही विचारलं होतं.

सोलापूरचा बोर्ड म्हणजे चार भाषांचा बाजार. साखर पेठेतून, अशोक चौकातून विणकरांचे कॉल आंध्रात जायचे, अक्कलकोट रोडचे विजापूरला. मला तेलुगू 'माट्लाडंडी' (बोला) इतपत आणि कानडी 'हेळ्री' (सांगा) इतपत येऊ लागली. भाषा कळायची नाही तरी नंबर कळायचे, नावं कळायची.

ट्रेनिंगमध्ये आमच्या सरांनी एक गोष्ट सांगितली होती, ती तेव्हा परीक्षेपुरती पाठ केली. टेलिफोनची लाईन माणसाचा पूर्ण आवाज नेत नाही. 300 हर्ट्झच्या खालचा कापते आणि 3400 च्या वरचा कापते. स, श, फ ह्या अक्षरांची धार त्या वरच्या भागात असते, म्हणून फोनवर 'स' आणि 'फ' यांची गल्लत होते. आम्ही म्हणूनच "बी फॉर बॉम्बे, डी फॉर दिल्ली" करत बसायचो. आणि 'साठ' ऐकू आलं की परत विचारायचो, सहा-शून्य का? नाहीतर उरलेलं अंदाजानं भरायचं. मागच्या शब्दावरून, गावावरून, माणूस कुठल्या सुरात बोलतोय त्यावरून. वर्षभरात ही सवय इतकी अंगात भिनते की आपण अंदाज करतोय हेही कळत नाही.

म्हणून तर चार वर्षं लपवता आलं. कान गेले तेव्हा नेमका तोच वरचा भाग गेला, आणि उरलेलं भरून काढायचा पगार मी एकोणचाळीस वर्षं घेतला होता.

पकडलं कुकरनं. सून ऑफिसला गेलेली, मी डाळ लावली आणि तीन शिट्ट्यांची वाट बघत पेपर वाचत बसले. हे बाहेरून आले आणि म्हणाले, "अगं, रस्त्यापर्यंत वास येतोय." कुकरच्या तळाला काळं कातळ. किती शिट्ट्या झाल्या असतील देव जाणे, मला एकही ऐकू आली नव्हती. मी म्हणाले, "पेपरमध्ये लक्ष होतं." हे खुर्चीत बसले, चप्पलसुद्धा काढली नाही, आणि म्हणाले, "तुला ऐकू येत नाही हे मला दोन वर्षांपूर्वीच कळलंय."

मला राग आला. मग सांगितलं का नाही?

"सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, तुम्हीच पुटपुटता."

खरं आहे. मी तेच म्हणत होते. सगळ्या जगाला हल्ली पुटपुटायची सवय लागली आहे, मालिकांतल्या नट्यांना शब्द नीट उच्चारता येत नाहीत, सून तोंडातल्या तोंडात बोलते, असं माझं पक्कं मत झालं होतं. ('मालिकांचं' मत अजूनही कायम आहे.)

कानाच्या दवाखान्यात एक काचेची दारं असलेली लहानशी बंद खोली होती. आत बसवलं, हातात बटण दिलं आणि त्या ऑडिओलॉजिस्ट मुलीनं माझ्या डोक्यावर हेडफोन चढवला. रिटायर झाल्यापासून पहिल्यांदा डोक्याला तो दाब जाणवला आणि पाठ आपोआप ताठ झाली. बारीक 'टूं' ऐकू आलं की बटण दाबायचं. सुरुवातीला सोपं होतं. मग शांतता. मला वाटलं, ती मुलगी साधारण चार-पाच सेकंदांनी आवाज सोडते आहे, मग मीही त्या हिशेबानं बटण दाबत गेले. दार उघडून ती म्हणाली, "काकू, आवाज नसतानाही तुम्ही दाबताय." परीक्षेत कॉपी करताना सापडल्यासारखं झालं. अडुसष्टाव्या वर्षी!

कागदावर तिनं आलेख दाखवला. उजव्या कानाचे लाल गोल, डाव्याच्या निळ्या फुल्या. कागदाच्या डाव्या बाजूला 250, 500, 1000 हर्ट्झपर्यंत रेघ बऱ्यापैकी वर, मग 2000 नंतर घाट उतरावा तशी खाली. 4000 ला साठ डेसिबल. साठच! मी विचारलं, हेडसेटनं झालं का हे? एकोणचाळीस वर्षं लावला. तिनं विचारलं, "दोन्ही कानांना असायचा?" नाही, एकाच. "मग हे वयाचं असणार. दोन्ही रेघा जवळजवळ एकसारख्या आहेत." म्हणजे दोष द्यायलाही कुणी उरलं नाही. ती म्हणाली, "तुम्हाला आवाज येतो, शब्द येत नाही." मी तिला 3400 चं सांगितलं. ती बघतच राहिली, म्हणाली, "काकू, हे तुम्हाला कसं माहीत?"

खरी भीती पुढे आहे. मुलगा पुण्यात असतो, त्यानं व्हॉट्सअ‍ॅपवर लेख पाठवला. 'लॅन्सेट'च्या समितीनं 2017 साली स्मृतिभ्रंशाची टाळता येण्यासारखी नऊ कारणं सांगितली, त्यांत मधल्या वयापासून ऐकू कमी येणं हे एक होतं. 2024 मध्ये यादी चौदांवर गेली, कान आहेतच. त्यानं काळजीनं पाठवला, पण रात्रभर मला झोप नाही. माझी आई शेवटची सहा वर्षं सगळं विसरली होती. जेवून उठली की पाच मिनिटांत विचारायची, "आज स्वयंपाक नाही का?" आणि हो, आईलाही ऐकू कमी यायचं. आम्ही तिच्यावर ओरडायचो.

तेव्हापासून रात्री मी एसटीडी कोड म्हणते. मुंबई 022. पुणे जुना 0212, नंतर 020. कोल्हापूर 0231, सांगली 0233. बार्शी 02184, पंढरपूर 02186, अक्कलकोट 02181. लातूर 02382, उस्मानाबाद 02472, उमरगा 02475. एकही चुकत नाही. पण मला हेही माहीत आहे की ही परीक्षा खोटी आहे. आईला तिच्या लग्नातल्या जेवणाचा सगळा बेत तोंडपाठ होता. विसरायची ती सकाळचं. म्हणून आता कोड झाले की सकाळी काय खाल्लं, कुणाचा फोन आला, तो काय म्हणाला, असं उलट्या क्रमानं म्हणते. तिथे अडखळले की उठून बसते. डॉक्टरांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "ऐकूच आलं नसेल तर लक्षात काय राहणार? आधी यंत्र लावा, मग बघू." यंत्र लावलं की आईसारखं होणारच नाही, असं मात्र ते म्हणाले नाहीत. मी दोनदा विचारलं.

उमरग्याच्या कोडपाशी आले की मी थोडी थांबते. 30 सप्टेंबर 1993, किल्लारीचा भूकंप. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, मिरवणुकीतून उशिरा येऊन झोपलो होतो. पहाटे चारला चार मिनिटं कमी असताना फळीवरची भांडी वाजली, आम्ही पोराला उचलून अंगणात आलो. कुठे काय झालंय कुणालाच माहीत नव्हतं. माझी सातची ड्युटी. ह्यांनी स्कूटरवरून सोडलं. बोर्डासमोर बसले तर जिकडे तिकडे दिवे. मुंबईहून, पुण्याहून, सुरतेहून लोक एकच मागत होते, लातूर द्या, उमरगा द्या, औसा द्या. लाईन मिळायची नाही, मिळाली तर आवाज विहिरीतून आल्यासारखा.

अशा वेळी आम्ही मध्ये बोलायचो. दोन्हीकडचं आम्हाला ऐकू यायचं, त्यांना एकमेकांचं नाही. मग इकडचा शब्द तिकडे द्यायचा. एरवी तो "बाळ-बाळंतीण सुखरूप" असायचा, "रविवारी पाहुणे येतायत" असायचा. नियम एकच, आपल्या पदरचं काही घालायचं नाही. त्या दिवशी मुंबईचा एक माणूस नुसता "हॅलो, हॅलो" ओरडत होता आणि पलीकडून उमरग्याहून कुणीतरी सांगत होतं. मी म्हणाले, "ते म्हणतायत, म्हातारी गेली. पोरं मंडपात झोपली होती, ती आहेत." तो म्हणाला, "परत सांगा." मी परत सांगितलं. चार वेळा सांगितलं. तीन मिनिटं केव्हाच होऊन गेली होती, त्या दिवशी मी मध्ये तोंड घातलं नाही. कॉलच्या तिकिटावर, म्हणजे बिलाच्या चिठ्ठीवर, वेळ मात्र तीनच मिनिटं लिहिली. ही सरकारी लबाडी आज पहिल्यांदा कबूल करते आहे.

यंत्र घेतलं, दोन्ही कानांना. किंमत एका बऱ्या स्कूटीएवढी, त्यामुळे आंघोळीच्या वेळी काढून ठेवताना हात थरथरतो. 312 नंबरची मटाराच्या दाण्याएवढी बॅटरी, तिच्यावर तपकिरी चिकटपट्टी. पट्टी काढली की हवा लागते आणि बॅटरी जागी होते, म्हणून मिनिटभर तशीच ठेवायची, मग आत घालायची. हे काम नातवाकडे आहे, त्याची बोटं बारीक. पहिल्या दिवशी माझाच आवाज हंड्यात तोंड घालून बोलल्यासारखा वाटला. पेपरचं पान उलटलं की दचकायची. फोडणीत मोहरी तडतडताना मी कित्येक वर्षं नुसती बघत होते, हे तेव्हा कळलं. लग्नकार्यात अजून काही उपयोग नाही, ताटं-वाट्या आणि सनई एकदमच कानात शिरतात. तिथे नातू शेजारी बसतो आणि माझ्या कानाशी तोंड आणून सांगतो, "आजी, त्या विचारतायत, गुडघा कसा आहे." पोरगं बऱ्यापैकी तयार झालंय. आपल्या पदरचं घालतं अधूनमधून, ते मोडायला हवं. परवा त्यानं "त्या म्हणतायत, नातवाला आइस्क्रीम द्या" असंही सांगितलं.

एक गोष्ट मात्र यंत्र लागल्यावरच लक्षात आली. हे गेली दोन-तीन वर्षं घरात फार कमी बोलत होते. मला वाटायचं, रिटायर झाल्यावर माणूस गप्प होतो, किंवा माझ्यावर कशाचा तरी राग आहे. कामाचं बोलायचे, गोळ्या घेतल्या का, बिल भरलं का. बाकी काही बोलले आणि मी "काय?" विचारलं की "काही नाही." दुसऱ्यांदा सांगण्याएवढं मोठं ते नसायचंच. ते बोलणंच मग त्यांनी सोडून दिलं.

रात्री झोपताना यंत्र डबीत ठेवायचं असतं. काल ठेवलं, दिवा मालवला, आणि अंधारात ह्यांचं पुटपुटणं कळलं. शब्द नाही, नुसता सूर. मी म्हणाले, "थांबा." दिवा लावला, चष्मा लावला, डबी उघडली, एक कानात घातलं, दुसरं घातलं. हे म्हणत होते, "अगं राहू दे, काही नाही."

"नाही, बोला."

"हल्लीचं दूध लवकर नासतंय, एवढंच म्हणत होतो."

मग दुधावर आम्ही बराच वेळ बोलत बसलो.