संगमावरचा रविवार

दिवाळी सरली, कृष्णेचे पाणी उतरून निवळले आणि सांगलीजवळच्या हरिपूरच्या रस्त्यावरील चिंचांखाली सकाळचे धुके साचू लागले की आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थी मंडळाला नदीकाठाचे वेध लागत. हरिपूरला वारणा कृष्णेला मिळते. त्या संगमाजवळ दर वर्षी एका रविवारी आम्ही पन्नास-साठ जण खराटे, विळे, घमेली आणि रिकामी पोती घेऊन जमत असू. स्नेहसंमेलनाला दांडी मारणारेही या दिवशी न चुकता येत. त्याचे कारण दुपारच्या जेवणात होते, असे माझे प्रामाणिक मत आहे. नदीकाठच्या मळीतल्या वांग्यांचे भरीत, ज्वारीची भाकरी आणि खर्डा यांच्यापुढे कोणत्याही अध्यक्षीय भाषणाचा टिकाव लागत नसे.

फांद्यांना लटकलेल्या पिशव्या काढणे सोपे वाटे, परंतु ओढली की अर्धी पिशवी हातात येई आणि अर्धी वरच फडफडत राही. त्याहून चिवट असत त्या मुळांत गुंतलेल्या साड्या. कोणीतरी कृष्णामाईची ओटी भरताना वाहिलेली साडी गाळाखाली दोरखंडासारखी पिळवटून बसलेली असे आणि ती विळ्याने कापून काढताना एखादी हिरवी बांगडी अखंड वर येई. देवांच्या जुन्या तसबिरी सापडल्या की मात्र काम थांबे. त्या पोत्यात घालाव्यात की नाही यावर दोन तट पडत. अखेर एका निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंनी पदर खोचला, तसबिरींना नमस्कार केला आणि काच, लाकूड व कागद निमूटपणे वेगळे केले. पुढे ते खाते कायमचे त्यांच्याकडे गेले.

कृष्णेत मगरी असल्याने पाण्यात कोणी पाय घालायचा नाही असा दंडक होता. पलीकडच्या काठावर एखादी ऊन खात पडलेली दिसली की सगळे खराटे एकदम थबकत.

सुरुवातीच्या वर्षांत आम्ही एक घोडचूक केली. काठ स्वच्छ म्हणजे काठ मोकळा, अशा समजुतीने आम्ही कचऱ्याबरोबर लव्हाळे, वाळा आणि झुडपेही मुळासकट उपटली, आणि लख्ख झालेल्या त्या जागेवर ऐटीत छायाचित्रही काढून घेतले. पुढच्या पावसाळ्यात नेमका तेवढाच तुकडा ढासळून नदीत गेला. आम्हांला वांगी देणारे शेतकरी काका तेव्हा एवढेच म्हणाले, "कचरा न्या की, पर काठाचं केस कशाला उपटताय?"

तेव्हापासून घाणेरी आणि बेशरम ही झुडपे तेवढी काढायची, बाकीचे राखायचे आणि मोकळ्या जागी करंज, उंबर, वाळुंज लावायचे, असे ठरले. वाळुंजाचे मला फार कौतुक आहे. अंगठ्याएवढी जाड फांदी ओल्या गाळात खोचली की तिला मुळे फुटतात आणि ती मुळे काठची माती धरून ठेवतात. एकदा उभ्या दरडीला उतार देऊन तिथेही रोपे लावण्याचा बेत होता, पण दरडीत मुठीएवढे एक बीळ दिसले. ते खंड्याचे आहे, असे जीवशास्त्राच्या बाईंनी सांगितले आणि कुदळी परत गेल्या.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून पाणी ५७ फुटांवर गेले. त्या वर्षी आमच्यातल्या अनेकांची स्वतःचीच घरे चिखलातून निघालेली असल्यामुळे रविवार होईल असे वाटले नव्हते. तरी तीसेक जण आले. वाळुंजाची झाडे गाळाने माखून आडवी पडली होती. सगळी गेली असे समजून आम्ही गप्प उभे असताना चित्रकलेच्या सरांनी खाली बसून एका खोडाची साल नखाने खरवडली. आत हिरवे होते. सर दर वर्षी एका वहीत पोत्यांचा आकडा लिहीत. त्या दुपारी त्यांनी भाकरीचा हात पुसून, पट्टी नसल्याने विळ्याच्या मुठीचा आधार घेत, त्या आकड्याशेजारी आणखी एक रकाना आखला आणि त्यावर लिहिले, "जगलेली वाळुंजे".