दसऱ्याला मी शोरूममध्ये का येत नाही

नवरात्र बसलं की फोन सुरू होतात. "तू आठ वर्षं शोरूमला होतास, चल की सोबत, तुझ्या ओळखीनं दहा-पाच हजार तरी कमी होतील." मी नाही म्हणतो आणि मग मागं ऐकू येतं की लई भाव खातोय. यंदा तर आतेभावानं तोंडावरच विचारलं, नेमकं झालंय काय तुला? तुम्ही सगळ्यांनीच विचारलंत म्हणून एकदाच सांगतो.

लातूरला दसऱ्याची डिलिवरी म्हणजे काय असतं हे तुम्हाला माहितीय. सोयाबीन निघालेलं असतं, आडतीवर पैसा फिरायला लागलेला असतो आणि ज्याला त्याला त्याच दिवशी, त्याच मुहूर्तावर गाडी पाहिजे असते.

२००३ चा दसरा. तीसच्या वर गाड्या द्यायच्या होत्या, त्यातली एक रिटायर झालेल्या गुरुजींची, सिल्व्हर रंगाची. ग्रॅच्युइटीच्या पैशातून घेतलेली, लोन एक रुपयाचं नाही. दोन दिवस आधी ती ट्रेलरवरून उतरवताना मागचा डावा दरवाजा घासला, चांगला हातभर. दुसरी सिल्व्हर स्टॉकला नव्हती. मॅनेजर म्हणाले, रात्रीतून रंग मारून घ्या, कुणाला कळतंय. आता सिल्व्हर मेटॅलिक असा रंग आहे की त्यात ॲल्युमिनियमची बारीक कणी असते, ती फॅक्टरीत बसते तशी हातातल्या गनने बसत नाही, त्यामुळं ट्यूबच्या उजेडात सगळं एकसारखं दिसतं आणि उन्हात शेड उघडी पडते. म्हणून गाडी आतच ठेवायची ठरलं. ठरवणाऱ्यात मीपण होतो.

दसऱ्याच्या दिवशी काकूंनी, म्हणजे गुरुजींच्या पत्नीनं, बोनेटवर स्वस्तिक काढलं आणि एकेका चाकाला हळदी-कुंकू लावत फिरल्या. मागच्या डाव्या चाकापाशी वाकल्या आणि तिथंच थांबल्या. "अहो, ह्यो दरवाजा येगळाच दिसलालाय की."

गुरुजींनी माझ्याकडं बघितलं.

मी म्हणालो, "काकू, मेटॅलिक कलर आहे, उजेड पडेल तसा दिसतो." यातला शब्दन् शब्द खरा होता, म्हणूनच तो इतका पटकन तोंडातून आला. गुरुजी काकूंना म्हणाले, "अगं, त्यांचं रोजचं काम आहे ते, त्यांना जास्त कळतं." मग खिशातून आपट्याची पानं काढून माझ्या हातात ठेवली, सोनं घ्या म्हणाले. मी वाकून पाया पडलो. गाडी लिंबावरून गेली, गेटबाहेर उन्हात वळली आणि तो दरवाजा मला एवढ्या लांबून दिसला.

आता तुम्ही म्हणाल, एका दरवाज्याच्या रंगाचं काय एवढं. हेच मी स्वतःला तेव्हा सांगायचो. इंजिन नवं, वॉरंटी पूर्ण, पत्रा कुठं बदललेला नाही, आणि साडेतीन हजार पगारात मी मॅनेजरला काय म्हणणार होतो? खरंच काय म्हणणार होतो, मला अजून सांगता येत नाही. पण "काकू, घासला होता, रंग मारलाय, पाहिजे तर आठ दिवस थांबा" एवढं म्हणता आलं असतं. नोकरी गेली असती का? बहुतेक नसती गेली. त्यानंतरही मी तिथंच दोन वर्षं काम केलं, तेही सांगून टाकतो.

२०१० मध्ये औरंगाबादला एकाच वेळी १५० मर्सिडीज घेतल्या गेल्या, तेव्हा सगळे कौतुकानं बोलत होते आणि मला गुरुजी आठवत होते. दीडशे जण मिळून गेले म्हणून कंपनी आणि बँक दोघंही त्यांच्यापुढं नमले. गुरुजींच्या मागं कोण होतं? ग्राहक संरक्षण कायदा १९८६ पासून होता, पण आपण फसलोय हेच ज्याला माहीत नाही तो तक्रार कशाची करणार?

गाडी दिल्यानंतर चार-पाच वर्षांनी गुरुजी अंबाजोगाई रोडला पंपावर भेटले. तीच गाडी, दरवाजा आता उन्हानं चांगलाच वेगळा पडलेला. म्हणाले, "लई चांगली गाडी दिलीस बघ." तोंडापर्यंत आलं होतं. त्यांचं पेट्रोल भरून झालं, मागच्यानं हॉर्न मारला, ते गेले. ते गेल्यावर बरं वाटलं मला, हेही खरंच. आता त्यांना सांगून त्यांचं समाधान घालवायचं की माझं ओझं उतरवायचं, हे माझं मलाच ठरत नाही.

तर फोन जरूर करा. पैसे भरायच्या आधी चासी नंबर मागून घ्या, मला पाठवा, त्यावरून कुठल्या महिन्यात बनली ते बघून सांगतो. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन टायर बनल्याचा आठवडा, पुढचे दोन वर्ष, ते बघा. आणि पूजेच्या आधी गाडी बाहेर उन्हात काढायला लावा, चारी बाजूंनी फिरा, घाई करतील, करू द्या. तेवढं बघेपर्यंत मी फोनवर थांबतो. आत मात्र मला बोलवू नका.