एनपीओ म्हणजे काय ते सांगा ना सिस्टर

मागच्या महिन्यात आईचं पित्ताशयातल्या खड्यांचं ऑपरेशन होतं, जळगावला. आम्ही अमळनेर तालुक्यातले, घरात अहिराणीच. आईला मराठी समजते पण दवाखान्यात ती घाबरून जाते आणि सगळ्याला हो हो म्हणते. आदल्या रात्री सिस्टर फाइल बघत बघत म्हणाल्या, "बारानंतर एनपीओ, सकाळी पहिली केस आहे", आणि पुढच्या खाटेकडे गेल्या. मला वाटलं एखादी तपासणी असेल. सकाळी साडेसहाला मीच आईला अर्धा कप चहा पाजला, झालं, ऑपरेशन पुढे ढकललं, वर सगळ्या वॉर्डासमोर ऐकून घेतलं, "सांगितलं होतं ना तुम्हाला?"

सांगितलं होतं, खरंय. पण समजलं का ते कोणी विचारलं नाही.

एनपीओ म्हणजे तोंडाने काहीच द्यायचं नाही. भूल दिल्यावर पोटातलं वर येऊन फुफ्फुसात जाऊ शकतं, म्हणून जेवण काय, दुधाचा चहासुद्धा सहा तास आधी बंद. एवढं सांगायला अर्धं मिनिट लागतं. त्या सिस्टरवर माझा राग नाही, एवढ्या खाटा एकटीने सांभाळत होत्या. पण आईचा एक दिवस उपाशी आणि भीतीत गेला ना.

त्या रात्री दुसऱ्या सिस्टर आल्या. आधी स्वतःचं नाव सांगितलं, मग आईचा हात धरून म्हणाल्या, "माय, आते सकायलोंग काही खावानं नही, पानीना घोटबी लेवाना नही. समजनं का? आते तू माले सांग बरं." आईने बरोब्बर सांगितलं आणि शांत झोपली. पेशंटकडूनच परत वदवून घ्यायच्या या पद्धतीला टीच बॅक म्हणतात, हे मी नंतर वाचलं. आणि नाव सांगणं पण साधी गोष्ट नाही, इंग्लंडमध्ये केट ग्रेंजर नावाच्या डॉक्टर स्वतः कॅन्सरने ॲडमिट असताना त्यांना जाणवलं की स्टाफमधले बरेच जण नावच सांगत नाहीत, त्यावरून त्यांनी २०१३ मध्ये 'हॅलो माय नेम इज' मोहीम सुरू केली.

आपल्याकडे एमबीबीएसला २०१९ च्या बॅचपासून पेशंटशी कसं बोलायचं हे अभ्यासक्रमातच आहे, चांगलंच आहे, पण वॉर्डात डॉक्टर येतात पाच मिनिटं, बाकी दिवसभर बोलणं होतं ते सिस्टर, वॉर्डबॉय, मावशी आणि बिलाच्या काउंटरशी, त्यांना हे शिकवायला वेळ कोण देतं?

डिस्चार्जच्या वेळी समाधानाचा फॉर्म दिला, बिल भरता भरता, देणारा समोरच उभा. अशात सगळे 'उत्तम'वरच टिक करतात, मी पण केली. फक्त खाली सूचनेच्या रकान्यात त्या रात्रीच्या सिस्टरचं नाव लिहिलं, कारण अख्ख्या दवाखान्यात आम्हाला तेवढंच नाव माहीत होतं.