क्लच आणि हलकं फ्लायव्हील: स्टेजचा आकडा बाजूला ठेवा, आधी टॉर्कचा हिशोब करा

रिमॅप केलेली (इंजिनाच्या कॉम्प्युटरमधलं ट्यूनिंग बदलून ताकद वाढवलेली) टर्बो गाडी बायपासवर पाचव्या गिअरमध्ये २५०० आरपीएमवर आहे, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला, टॅकोमीटरचा काटा वर पळाला आणि स्पीडोमीटर मात्र जागचा हलला नाही, तर क्लच सुटायला लागला आहे. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये हे सहसा जाणवत नाही. तिथे बूस्ट (टर्बोने दिलेला हवेचा दाब) पूर्ण भरेपर्यंत आरपीएम पुढे निघून गेलेला असतो. वरच्या गिअरमध्ये इंजिनाला तेवढी मोकळीक मिळत नाही आणि सगळा टॉर्क एकदम क्लच प्लेटवर येतो.

मग जास्त टॉर्क झेलणाऱ्या क्लच किटची शोधाशोध सुरू होते आणि पहिला प्रश्न येतो, "स्टेज २ टाकू की स्टेज ३?" या आकड्यांमागे कुठलंही सामाईक प्रमाण नाही. एक्सेडीची स्टेज १ म्हणजे ऑरगॅनिक प्लेट आणि स्टेज २ म्हणजे सेरामेटॅलिक. स्पेक कंपनीची स्टेज २ केव्हलारवर आधारलेली असते. म्हणजे एकाच नावाखाली दोन अगदी वेगळ्या स्वभावाचे क्लच. त्यामुळे विक्रेत्याला स्टेज विचारू नका. टॉर्क क्षमता किती, फेसिंग (प्लेटवरचा घासणारा थर) कशाचं आणि प्रेशर प्लेटचा (क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर दाबून धरणाऱ्या भागाचा) दाब किती, हे तीन प्रश्न विचारा.

क्षमतेचं गणित वहीच्या एका ओळीत मावतं: घासणारे पृष्ठभाग × घर्षण गुणांक × दाब × सरासरी त्रिज्या. एका प्लेटला दोन बाजू, म्हणून २. ऑरगॅनिक फेसिंगचा घर्षण गुणांक साधारण ०.३ धरा. दाब ६००० न्यूटन आणि २४० मिमी प्लेटची सरासरी त्रिज्या सुमारे ०.१ मीटर धरली, तर २ × ०.३ × ६००० × ०.१ = ३६० न्यूटन-मीटर. आता स्कोडा लॉरा व्हीआरएस घ्या. १.८ लिटर टर्बो, कंपनीचा टॉर्क २५० न्यूटन-मीटर. रिमॅपनंतर तो ३३० झाला असं समजू. वर २५ टक्के राखीव ठेवायचे, म्हणजे किमान ४१२ ची क्षमता हवी. ३६० वाला क्लच थंड असताना धरेल, पण ऊन, चढ आणि चार माणसं एकत्र आली की सुटेल, कारण फेसिंग तापलं की घर्षण गुणांक खाली येतो.

तूट भरून काढायचे तीन मार्ग आहेत आणि तिन्हींची किंमत वेगवेगळ्या जागी मोजावी लागते. दाब ६००० वरून ७००० केला तर क्षमता ४२० होते, पण पेडलही जवळपास तेवढ्याच प्रमाणात जड होतं. तो जास्तीचा दाब मास्टर आणि स्लेव्ह सिलिंडरच्या सील्सवर, रिलीज बेअरिंगवर आणि क्रँकशाफ्टच्या थ्रस्ट बेअरिंगवर (क्रँकला पुढेमागे सरकू न देणाऱ्या) पडतो. क्लच दाबल्याशिवाय सुरूच न होणाऱ्या गाड्यांत तर सकाळी पहिल्या स्टार्टला, ऑइलचा थर बनायच्या आधीच, थ्रस्ट बेअरिंगवर तो भार येतो. दुसरा मार्ग जास्त पकडीचं फेसिंग. त्यात पेडल फार जड होत नाही, पण क्लच सोडताना गाडी झटका देते. तिसरा मार्ग ट्विन-प्लेट: चार पृष्ठभाग, त्यामुळे कमी दाबात भरपूर क्षमता. पण खर्च मोठा आणि क्लच दाबून उभं राहिलं की मधल्या प्लेटचा खडखडाट. रस्त्यावरच्या ४००-४५० न्यूटन-मीटरच्या गाडीला त्याची गरज नाही.

फेसिंगबाबत माझं मत पक्कं आहे. इंदूरमध्ये रोज बापट चौराहा, पलासिया, भंवरकुआं अशा सिग्नलांतून जाणाऱ्या गाडीत पूर्ण गोलाईची हेवी-ड्यूटी ऑरगॅनिक प्लेट आणि थोडी जास्त दाबाची प्रेशर प्लेट हेच बसवावं. हाफ क्लचवर रांगायला जमलं पाहिजे. सिरॅमिकच्या ३ किंवा ६ टिकल्यांची पक प्लेट तापमान भरपूर सोसते, पण तिच्यात 'लागला' आणि 'सुटला' यांच्यामधली जागा फारच थोडी असते. मॉलच्या तळघरातल्या पार्किंगच्या रॅम्पवर रिव्हर्समध्ये गाडी काढताना याचा खरा त्रास कळतो. शिवाय टिकल्या फ्लायव्हीलचा पृष्ठभागही लवकर खातात. केव्हलार मऊ लागतं आणि खूप टिकतं, मात्र रोळायच्या (घासून नीट बसायच्या) आधी किंवा ट्रॅफिकमध्ये एकदा जबर तापून त्यावर काचेसारखा गुळगुळीत थर चढला, की ते पुन्हा नीट धरत नाही.

आता फ्लायव्हील, म्हणजे क्रँकशाफ्टच्या टोकाला बसणारी जड चकती, जिच्यावर क्लच प्लेट घासते. इथे वजनापेक्षा जडत्व महत्त्वाचं, आणि जडत्व त्रिज्येच्या वर्गाने वाढतं. कडेचा एक किलो काढला तर जो फरक पडतो, तो मधला एक किलो काढून पडत नाही. फक्त वजन छापणाऱ्या विक्रेत्याकडे जडत्वाचा आकडाही मागा.

समजा सरासरी ११ सेंटीमीटर त्रिज्येवरून ४ किलो कमी केले. पहिल्या गिअरचं एकूण गुणोत्तर (गिअर आणि फायनल ड्राइव्ह मिळून) १४ आणि चाकाची त्रिज्या ३१ सेंटीमीटर असेल, तर वेग पकडताना गाडी सुमारे ९९ किलोंनी हलकी झाल्यासारखी वागते. तिसऱ्या गिअरमध्ये, ५.६ गुणोत्तराला, हाच फायदा १६ किलोंवर येतो. सहाव्यात, ३ ला, जेमतेम साडेचार किलो. गुणोत्तराचा वर्ग होतो म्हणून ही इतकी उतरण. इंदूरजवळ पिथमपूरच्या नॅट्रॅक्स या वाहन-चाचणी केंद्रावर ११.३ किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक आहे. तशा ठिकाणी वरच्या गिअरमध्ये सलग धावणाऱ्या गाडीला हलक्या फ्लायव्हीलचा जवळपास काहीच उपयोग नाही. खंडवा रोडवर भेरूघाटात दुसरा-तिसरा-दुसरा करताना मात्र उपयोग स्पष्ट दिसतो: खालचा गिअर टाकताना थोडी रेस दिली की आरपीएम लगेच जुळतो आणि गिअर न आपटता बसतो. हॉर्सपॉवर मात्र यातून एकही वाढत नाही, ते स्वप्न मनातून काढून टाका.

याची दुसरी बाजू गाडी सुरुवातीला उचलताना दिसते. जड फ्लायव्हीलमध्ये साठलेली ऊर्जा गाडीला पहिला धक्का देते. ती कमी झाली की जास्त रेस द्यावी लागते, क्लच जास्त वेळ घसरतो आणि प्लेट लवकर झिजते. म्हणून अतिहलकं फ्लायव्हील आणि पक प्लेट ही जोडी शहरात सगळ्यात वाईट. मे महिन्यात ४२ अंशांत एसीचा कॉम्प्रेसर लागला की आयडल खाली जातो, तोही आता सावरायला फ्लायव्हील नाही. ट्यूनरकडून आयडल ५० ते १०० आरपीएमने वाढवून घ्यावा लागू शकतो. काही ईसीयू (इंजिनाचे कॉम्प्युटर) क्रँकच्या गतीतली थरथर मिसफायर समजतात आणि पी०३०० (मिसफायरचा) कोड येतो. प्लग-कॉइल बदलत बसण्याआधी हे ध्यानात ठेवा.

माल कोणता? रस्त्यासाठी घडीव क्रोमोली स्टीलचं एकसंध फ्लायव्हील. ॲल्युमिनियमची फ्लायव्हील, फिडान्झाची उदाहरणार्थ, आणखी हलकी असतात आणि त्यांच्यावर स्क्रूने बसवलेली स्टीलची बदलता येणारी चकती असते. ट्रॅकसाठी उत्तम. एसएफआय १.१ हे सुरक्षा-प्रमाणपत्र पाहून घ्या. आणि कंपनीचं बिडाचं फ्लायव्हील लेथवर छिलून हलकं करू नका. बीड ताण सोसत नाही, ७००० आरपीएमवर ते फुटलं तर तुकडे बेलहाउसिंग फोडून केबिनमध्ये येतात. यात पैसे वाचवायची जागाच नाही.

गाडीत मुळात ड्युअल-मास (दोन भागांचं, मध्ये स्प्रिंगा असलेलं) फ्लायव्हील असेल तर आणखी एक गोष्ट. त्याच्या पोटातल्या स्प्रिंगा इंजिनाची कंपनं गिळतात, म्हणून त्याच्यासोबतच्या क्लच प्लेटचा हब पुष्कळदा बिनस्प्रिंगचा असतो. त्याऐवजी एकसंध सिंगल-मास बसवताना स्प्रिंगवाला हब असलेली प्लेटच हवी, नाहीतर सगळे हादरे थेट गिअरबॉक्सच्या दातांवर जातात. योग्य प्लेट असूनही न्यूट्रलमध्ये खडखड येईल आणि क्लच दाबला की थांबेल. हा बिघाड नाही, पण तो रोज ऐकावा लागेल हे घ्यायच्या आधी समजून घ्या. त्याच वेळी क्रँक पुलीतला रबरी डॅम्पर काढून हलकी पुली लावायचा मोह आवरा. तो क्रँकशाफ्टची पिळवटणारी कंपनं शोषतो, आणि तो गेला की क्रँकच धोक्यात.

बसवण्याच्या कामात बहुतेक घोळ गिअरबॉक्स उतरवायच्या आधीच टाळता येतात. नवी प्लेट इनपुट शाफ्टच्या स्प्लाइनवर हाताने सरकते का, रिंग गिअरचे दात मोजून जुन्याइतकेच आहेत का, क्रँक सेन्सर फ्लायव्हीलवरून वाचत असेल तर खाचा जुळतात का, प्रेशर प्लेटच्या डॉवेल पिना आल्या आहेत का. बॉक्स खाली आलाच आहे तर रिअर मेन ऑइल सील, इनपुट शाफ्ट सील, पायलट बेअरिंग आणि रिलीज बेअरिंग बदलूनच टाका. ज्या गाड्यांत स्लेव्ह सिलिंडर गिअरबॉक्सच्या आत असतो तिथे तोही. निसान ३७०झेडचा तो प्लास्टिकचा स्लेव्ह जड प्रेशर प्लेटपुढे हमखास हार मानतो.

जुनंच फ्लायव्हील ग्राइंड करून वापरायचं ठरलं आणि ते पायरीचं (घासणारा पृष्ठभाग आणि काठ वेगळ्या उंचीवर असलेलं) असेल, तर सांवेर रोडच्या वर्कशॉपला देताना कारागिराला कागदावर लिहून द्या: घासणारा पृष्ठभाग जितका खाली घ्याल तितकाच प्रेशर प्लेट बसण्याचा काठही खाली घ्या. नुसता मधला भाग अर्धा मिलिमीटर घेतला तर प्लेट तेवढी आत बसते, डायफ्रामचा कोन बदलतो आणि नवी प्लेट पहिल्याच दिवशी अर्धा मिलिमीटर झिजल्यासारखी वागते. पेडलचा बिंदू बिघडल्याची तक्रार येते आणि दोष विनाकारण किटला जातो.

फ्लायव्हीलचे बोल्ट नवेच वापरा. ते ताणून कसायचे असतील तर टॉर्कचा आकडा आणि पुढे फिरवायचे अंश सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्या. भोकं ऑइलच्या बाजूला उघडत असतील तर दोऱ्यांना सीलंट हवं. बसवल्यावर डायल गेज लावून पृष्ठभागाचं डुलणं बघा, ०.१ मिमीच्या आसपास ठीक. नव्या भागांवरचा गंजरोधक तेलाचा थर ब्रेक क्लीनरने पुसा. तो राहिला तर पहिल्याच दिवसापासून गाडी क्लच सोडताना थरथरते. स्प्लाइनला ग्रीस नखावर मावेल इतकंच, जास्तीचं उडून फेसिंगवर जातं. प्लेटवर 'फ्लायव्हील साइड' लिहिलेली बाजू तपासा, उलटी बसली तर हबच्या स्प्रिंगा बोल्टांवर घासतात. प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोर, थोडे थोडे कसा. आणि गिअरबॉक्स चढवताना तो एक क्षणही इनपुट शाफ्टवर लटकू देऊ नका. प्लेटचा हब वाकतो, मग क्लच पूर्ण सुटत नाही, रिव्हर्स टाकताना करकर होते, आणि पुन्हा बॉक्स उतरवण्याशिवाय इलाज राहत नाही. तीच करकर हायड्रॉलिकमध्ये हवा राहिल्यानेही येते, म्हणून आधी डॉट ४ फ्लुइडने नीट ब्लीड करून बघा.

रोळणीसाठी ऑरगॅनिकला शहरातले ५०० ते ८०० किलोमीटर, केव्हलारला त्याहून जास्त. हायवेचे किलोमीटर यात धरू नका, कारण क्लच किती वेळा लागला-सुटला याला महत्त्व आहे. या काळात पूर्ण थ्रॉटल नाही, लाँच नाही, चढावर क्लचवर गाडी तोलून धरणं नाही. रोळणी झाली की बायपासवर, पुढेमागे रस्ता मोकळा बघून, पाचव्या गिअरमध्ये २५०० वरून एकदाच पूर्ण दाबून पाहा. दोन्ही काटे बरोबरीने चढले तर मगच ट्यूनरकडे बूस्टचा पुढचा मॅप मागायला जा.